बिस्किट मागवलं आणि पाव आला

प्रिय ताई,

माझे सासू-सासरे महिन्यापूर्वी कराडहून आमच्याकडे अमेरिकेत सिनसिनाटीला आलेत. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त आहेत. दोघंही पहिल्यांदाच परदेशात आलेत. घरी पोहे, उपमा, थालीपीठ चालू आहे, कसलीच कुरकुर नाही. पण गेल्या रविवारी हौसेनं त्यांना डायनरमध्ये ब्रेकफास्टला नेलं आणि पार फजिती झाली. आईंना मेनूकार्डात ओळखीचा एकच शब्द सापडला, बिस्किट. म्हणाल्या, मला चहा-बिस्किट पुरे. समोर आले दोन गुबगुबीत पाव, वर पांढरी घट्ट ग्रेव्ही आणि त्या ग्रेव्हीत डुकराचं मांस. मी वेळेत प्लेट ओढली म्हणून निभावलं. बाबांना वेट्रेसनं विचारलं, अंडी कशी हवीत? ते म्हणाले, चांगली. ती हसली, मीही हसले. नंतर बाबा जेवढ्यास तेवढं बोलले. शेजारच्या टेबलावर एक जण पॅनकेकवर पाक ओतून त्याच पाकात बुडलेलं बेकन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, खात होता. आई हळूच म्हणाल्या, "ही काय न्याहारी म्हणायची?"

आता पुढच्या महिन्यात आम्ही गाडीनं अटलांटाला निघालोय, वाटेत स्मोकी माउंटन्स. चार सकाळी बाहेर काढायच्या आहेत. नवरा म्हणतो, दशम्या आणि चिवड्याचे डबे भर आणि विषय संपव. मला ते पटत नाही. एवढ्या लांब येऊन इथलं काही चाखायचंच नाही का? पण समजावून सांगायला गेले की माझीच तारांबळ उडते. ग्रिट्स म्हणजे काय, हे मलाच धड माहीत नाही. बाबांना अंडं चालतं, आईंना चालत नाही, पण केक खातात. त्यात प्रवासात एकादशी येतेय. काय करू?

– मधल्यामध्ये सापडलेली सून

अगं मधली,

तुझ्या सासऱ्यांचं उत्तर मला फार आवडलं. अंडी कशी हवीत? चांगली! स्टँडबाहेरच्या गाड्यावर ऑम्लेट नाहीतर हाफ फ्राय, तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. ज्यानं आयुष्य तिथे काढलं त्यानं दुसरं काय सांगायचं? मला इथे येऊन तीस वर्षं उलटली. पहिल्याच आठवड्यात एका वेट्रेसनं माझ्यासमोर टोस्टचे प्रकार पाढ्यासारखे म्हणून दाखवले: व्हाइट, व्हीट, राय, सावरडो. मला ऐकू आलं 'राई'. मोहरीचा टोस्ट सकाळी सकाळी कोण खात असेल, या विचारात मी अशी अडकले की तिनं पाढा दुसऱ्यांदा म्हटला तरी माझं तोंड उघडंच. राय हे गव्हाच्या भावकीतलं एक धान्य आहे, हे कळायला मला पुढे दोन वर्षं लागली. तोवर व्हाइट एके व्हाइट. तेव्हा तुमची फजिती काही जगावेगळी नाही.

आधी आईंच्या प्रश्नाकडे येते, कारण तो अगदी नेमका आहे आणि त्याचं उत्तर 'हो' असं आहे. ही न्याहारीच. नाश्ता नव्हे, न्याहारी. कराडकडच्या माणसांना यातला फरक शिकवावा लागत नाही. पोहे-उपमा हा ऑफिसला जाणाऱ्याचा नाश्ता. पहाटे उठून धारा काढायच्या, शेणघाण करायची, दारं धरायची, आणि ऊन वर आलं की बांधावर बसून दोन भाकऱ्या, पिठलं, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा खायचा, ती न्याहारी. अमेरिकन डायनरमध्ये जे भरगच्च ताट येतं ते अशाच शेतावरच्या माणसाचं आहे. तोही अंधारात उठून गाईंच्या धारा काढायचा आणि मग घरात येऊन पोटाला तडस लागेपर्यंत खायचा. घरात असायचं काय? आपल्याच कोंबड्यांची अंडी, थंडीच्या तोंडावर मारलेल्या डुकराचं खारवून धुरावलेलं मांस, तळघरातले बटाटे, गव्हाचं आणि मक्याचं पीठ, लोणी, ताक, पाक. मेनूकार्ड सहा पानांचं असलं तरी जिनसा एवढ्याच, उलटून पालटून. पुढे शेतं सुटली, माणसं खुर्चीवर बसून कामं करायला लागली, ताट मात्र आहे तेवढंच राहिलं. आईंना हे असं सांगून बघ. गोड आणि खारट एका ताटात कसं, असं त्यांनी विचारलं तर पुरणपोळीशेजारी कटाची आमटी कोण वाढतं, असा उलटा प्रश्न विचार. बेकन त्यांना आवडणार नाही आणि आवडायची गरजही नाही, पण 'हे काहीतरी भलतंच' ही भावना कमी होईल.

दुसरं, हे कुणी रोज खात नाही. तुझे शेजारीच बघ ना. एक केळं गाडीत बसता बसता सोललं, नाहीतर वाडगाभर दुधात मूठभर सीरियल, की झाला ब्रेकफास्ट. पॅनकेक आणि अंड्यांचं ताट म्हणजे रविवार, प्रवास, पाहुणे. आपल्याकडे आलेल्या गोऱ्या पाहुण्याला पहिल्याच दिवशी मिसळ खायला नेलं तर मराठी माणूस उठल्या उठल्या तर्री पितो, असं तो घरी जाऊन सांगेल. तसलाच गैरसमज तुझ्या सासरच्यांचा झाला असणार.

आता बाबांना गोष्टींची आवड असेल, आणि निवृत्त वाहतूक नियंत्रकाला ती नसेल तर मी सदर लिहिणं सोडते, तर त्यांना दोन गोष्टी सांग. एक बेकनची. बेकन-अंडी शेतावर होतीच, पण शहरातला माणूस १९२०च्या सुमाराला सकाळी टोस्ट, कॉफी, संत्र्याचा रस एवढ्यावर भागवायला लागला होता. बीच-नट नावाच्या कंपनीला तिचं बेकन खपवायचं होतं. तिनं एडवर्ड बर्नेझ या प्रचारतज्ज्ञाला गाठलं. हा सिग्मंड फ्रॉइडचा सख्खा भाचा. त्यानं बेकनची जाहिरात केलीच नाही. एका डॉक्टरला हाताशी धरून देशभरातल्या डॉक्टरांना पत्रानं एवढंच विचारलं, की सकाळी हलकं खाणं बरं की भरपेट? सुमारे ४५०० डॉक्टरांनी भरपेट म्हणून कळवलं, असं बर्नेझ स्वतःच पुढे सांगायचा. ते उत्तर वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि शेजारी नाव बेकन-अंड्यांचं. बाकी काम लोकांनी केलं.

दुसरी गोष्ट आईंना जास्त आवडेल. मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावात डॉ. जॉन हार्वी केलॉग यांचं मोठं आरोग्यधाम होतं. डॉक्टर ॲडव्हेंटिस्ट पंथाचे आणि कट्टर शाकाहारी. मांसाहार, दारू, चहा-कॉफी सगळं बंद. रुग्णांना पचायला सोपं काही द्यावं या खटाटोपातून त्यांनी आणि त्यांच्या भावानं धान्य शिजवून, लाटून, भाजून पापुद्रे काढले. त्याचं पेटंट १८९६ सालचं. धाकट्या भावानं, विल केलॉगनं, १९०६ मध्ये त्याचा कारखाना काढला, तेच आपले कॉर्नफ्लेक्स. म्हणजे डुकराच्या ताटाला उतारा म्हणून एका शाकाहारी डॉक्टरानं काढलेली न्याहारी आपल्या कराडच्या किराणा दुकानात केव्हाच पोचली. दोघा भावांचं पुढे नावावरून कोर्टापर्यंत वाजलं. भावकी कुठे चुकत नाही.

आता तुझी तारांबळ का उडते ते सांगते. तू शब्दाचा अर्थ सांगायला जातेस. पॅनकेक म्हणजे एक प्रकारचा केक, बिस्किट म्हणजे एक प्रकारचा पाव. त्यातून कुणालाच काही कळत नाही. पदार्थ कसा करतात ते सांग. तुझ्या सासूबाईंनी पन्नास वर्षं चूल सांभाळली आहे, कृती कानावर पडली की चव त्यांच्या जिभेवर उभी राहील. पॅनकेक म्हणजे मैदा ताकात भिजवून, अंडं आणि बेकिंग पावडर घालून तव्यावर टाकलेलं धिरडं, जाडसर आणि फुगलेलं. हॅशब्राउन्स म्हणजे बटाट्याचा कीस, जिरं-मिरचीशिवाय, एका बाजूनं खरपूस. फ्रेंच टोस्ट म्हणजे दूध-अंड्यात बुडवून लोण्यावर परतलेला ब्रेड. क्रीम ऑफ व्हीट म्हणजे रवा. अक्षरशः रवा. १८९३ मध्ये नॉर्थ डकोटातल्या एका गिरणीत निघालेला हा डबा इथली मुलं दूध-साखर घालून खातात. गावात भारतीय दुकान नव्हतं त्या काळात माझ्या आधीच्या पिढीतल्या बायकांनी त्याचे ढिगानं उपमे केले, आणि पॅनकेकसाठी मिळणाऱ्या बिस्क्विकच्या पिठाचे गुलाबजाम. ते गुलाबजाम मी खाल्लेत. खव्याची सर नाही, पण दिवाळीला कुणी तक्रार केली नाही.

आणि आता तुझा रस्ता. ७५ क्रमांकाचा हायवे धरून सिनसिनाटी ते अटलांटा, म्हणजे न्याहारीच्या दृष्टीनं तू सोन्याच्या खाणीतून निघाली आहेस, हे तुला कुणी सांगितलं नाही वाटतं.

निघण्याआधी घरच्याच गावातला एक धोका. सिनसिनाटीत 'गेटा' नावाचा प्रकार मिळतो, जर्मन लोकांनी आणलेला. दिसायला हुबेहूब कोथिंबीर वडी, कापून तळलेली, कडेनं कुरकुरीत. आई हात पुढे करणारच. आत ओटबरोबर डुकराचं मांस असतं. थांबव.

केंटकी लागलं की बिस्किटांचा मुलूख सुरू. त्या दिवशी तुमचा घात बिस्किटानं केला नाही, ग्रेव्हीनं केला. नुसतं बिस्किट म्हणजे मैद्यात थंड लोणी चोळून, ताक आणि बेकिंग पावडर घालून, फार न मळता भट्टीत भाजलेला पापुद्र्याचा पाव. त्यात साधारणपणे अंडं नसतं, म्हणजे आईंसाठी हा एक नंबर. फक्त एकदा विचारून घे, की यात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी तर नाही ना. काही जुन्या ठिकाणी अजून घालतात. तिकडचं बिस्किट एवढं हलकं का होतं, याचं कारण पिठात आहे. दक्षिणेत मऊ जातीचा गहू पिकतो, त्याच्या पिठाला चिवटपणा कमी. तुम्ही ज्या नॉक्सव्हिल शहरावरून जाणार तिथेच १८८३ मध्ये व्हाइट लिली नावाचं पीठ सुरू झालं. तिकडच्या म्हाताऱ्या अजून त्याच पिठाच्या नावानं शपथ घेतात, जशा आपल्याकडच्या बायका पोळीसाठी अमुकच गहू हवा म्हणून अडून बसतात.

पण खरी गंमत बिस्किटावर काय घालतात त्यात आहे. केंटकी-टेनेसीत दुकानात 'सोर्घम' लिहिलेली बरणी दिसली तर लगेच घे. सोर्घम म्हणजे ज्वारी. आपलीच ज्वारी, गोड धाटाची जात. आफ्रिकेतून निघाली, एक वाट आपल्याकडे आली, एक इकडे. आपण कणसाकडे बघितलं, यांनी धाटाकडे. पावसाळी उकाडा सरून हवा गार झाली की धाटं तोडतात, चरकात पिळतात, पूर्वी चरकाला खेचर जुंपायचे, आणि रस उघड्या पसरट काहिलीत आटवतात. मळी काढत बसायचं, आच सांभाळायची, धुरानं डोळे चुरचुरायचे. जे उतरतं ते तांबूस, दाट, किंचित आंबटसर. कराडच्या माणसाला मी गुऱ्हाळ काय सांगू? बाबांच्या बिस्किटावर लोणी आणि त्यावर ही ज्वारीची काकवी घाल आणि काहीही बोलू नकोस. ते स्वतःच विचारतील. माझ्या वडिलांनी, ते कोल्हापूरकडचे, पहिला घास खाल्ला आणि त्या बाईला मराठीतच विचारलं, "गूळ का नाही पाडत याचा?" मी भाषांतर केलं. तिलाही कधी सुचलं नव्हतं म्हणाली.

मेपलचा पाक मात्र इकडचा नाही, तो उत्तरेचा. त्याचाही हिशोब बाबांना आवडेल. झाडाला भोक पाडून निघणारा रस पाण्यासारखा पातळ, साधारण ४० लिटर आटवला तर एक लिटर पाक. अमेरिकेतला निम्म्याच्या आसपास एकट्या व्हरमाँट राज्यात होतो. म्हणूनच तो महाग असतो, आणि म्हणूनच टेबलावर जो जग फुकट ठेवलेला असतो त्यात बहुतेक वेळा मेपल नसतंच, मक्याच्या साखरेचा रंगवलेला पाक असतो. खरा हवा असेल तर मागावा लागतो, पैसे वेगळे पडतात. मी मागते. चार माणसांत एक घेतला तरी पुरतो.

स्मोकी माउंटन्सच्या पायथ्याशी गॅटलिनबर्ग आणि पिजन फोर्ज ही जी गावं आहेत, तिथे पॅनकेक हाउस एवढी आहेत की आपल्याकडे देवस्थानाबाहेर पेढ्यांची दुकानंही तेवढी नसतील. सकाळी रांगा लागतात. तिथे जाण्याआधी आईंशी अंड्याचं बोलून घे, आणि हे बोलणं घरी कर, टेबलावर नको. पॅनकेक, वॉफल (साच्यात भाजलेलं जाळीदार धिरडं), फ्रेंच टोस्ट, मफिन, सगळ्यात अंडं असतं. केक खातात याचा अर्थ अंडं दिसलं नाही, वास आला नाही तर त्यांची हरकत नसावी, असा तू काढला असशील. मीही माझ्या आईच्या बाबतीत तोच काढला होता आणि एकदा न सांगता वॉफल खाऊ घातलं. तिला आवडलं. संध्याकाळी कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. ती रागावली नाही, पण पुढचे तीन महिने माझ्या हातचं काहीही खाताना एकदा माझ्या तोंडाकडे बघायची. ते फार वाईट होतं. तेव्हा सरळ सांग, "आई, यात अंडं आहे, केकात असतं तेवढंच. खायचं की नाही ते तुम्ही ठरवा." त्या खातील किंवा नाही खाणार. नाही म्हणाल्या तर ओटमील आहे, फळं आहेत, बिस्किट आहे, तुझ्या दशम्या आहेत. नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. डबे भर, पण गाडीत ठेव, टेबलावर पहिल्यांदा काढू नकोस.

जॉर्जियात शिरलात की ग्रिट्स. तुला सांगता येत नाही म्हणतेस, आणि तुझ्या सासूबाईंना एका शब्दात कळेल: कण्या. ज्वारीच्या कण्या शिजवून ताक घालून त्यांनी शंभरदा खाल्ल्या असतील, या मक्याच्या. मक्याचं हे ज्ञान गोऱ्यांना इथल्या मूळ रहिवाशांकडून मिळालं. जॉर्जियानं तर २००२ मध्ये ग्रिट्सला आपला अधिकृत राज्य-पदार्थ ठरवून टाकलं. नुसत्या ग्रिट्स अगदीच सपक लागतात, हे आधीच सांगून ठेव. लोणी, मीठ, मिरपूड भरपूर लागतं, आणि माझं प्रामाणिक मत विचारशील तर पर्समधून लसणाच्या चटणीची पुडी काढ. साखर घालून खाल्लेल्या चालतात का, यावर तिकडे घराघरांत वाद आहेत. आपण त्यात पडायचं कारण नाही.

आता बाबा. त्यांना वॉफल हाउसमध्ये ने. पिवळी पाटी, रस्त्याकडेला दर काही मैलांवर, चोवीस तास उघडं. १९५५ मध्ये अटलांटाजवळच्या ॲव्हनडेल इस्टेट्समध्ये पहिलं सुरू झालं. वादळात ते बंद पडलं तर परिस्थिती खरंच गंभीर आहे असं सरकारचं आपत्ती खातंसुद्धा समजतं, इतका त्याचा लौकिक. जागा टेबलावर घेऊ नका, तव्यासमोरच्या बाकावर घ्या. वेट्रेस ऑर्डर ओरडून सांगते आणि आचारी ती कागदावर लिहीत नाही. रिकाम्या प्लेटवर जॅमची पुडी, लोण्याची वाटी, लोणच्याची चकती ठरलेल्या जागी, उलटीसुलटी ठेवतो. कुठे काय ठेवलंय त्यावरून कुणाची अंडी कशी ते त्याला कळतं. एकाच वेळी आठ-दहा गाड्या फलाटावर लावणाऱ्या माणसाला ही खुणांची भाषा उलगडून बघण्यात अर्धा तास सहज जाईल.

पण त्याआधी त्यांना एक चिठ्ठी करून दे, मराठीत. सनी साइड अप म्हणजे आपलं हाफ फ्राय. ओव्हर ईझी म्हणजे तेच उलटून, बलक आत पातळ. ओव्हर हार्ड म्हणजे उलटून, बलक घट्ट. स्क्रॅम्बल्ड म्हणजे कांदा-मिरची नसलेली भुर्जी. एवढं पुरे. हॅशब्राउन्सची परवलही शिकव: 'स्कॅटर्ड' म्हणजे तव्यावर पसरून कुरकुरीत केलेलं, 'स्मदर्ड' म्हणजे कांदा घालून, 'कव्हर्ड' म्हणजे चीज, 'पेपर्ड' म्हणजे हॅलापिन्यो मिरच्या. 'चंक्ड' नको, त्यात हॅम, म्हणजे पुन्हा डुकराचं मांस. मिसळीला 'तर्री जादा, पाव कडक' सांगणाऱ्याला हे अवघड नाही. आणि मग वेट्रेस आली की तू तोंड उघडू नकोस. तुझ्या नवऱ्यालाही उघडू देऊ नकोस. त्यांना सांगू दे. अडखळले तर अडखळू देत, ती बाई दिवसाला दोनशे माणसांचं ऐकते, तिला सवय आहे, वर 'हनी' म्हणून हाक मारेल. तुमच्या सगळ्यांची ऑर्डर त्यांनाच द्यायला लाव. त्या रविवारी तू हसलीस ते त्यांना झोंबलं असणार, वेट्रेसचं हसणं नव्हे. माफी बिफी मागत बसू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होईल. चिठ्ठी दे, बस. कॉफीचा कप रिकामा झाला की ती न विचारता भरेल, त्याचे पैसे लागत नाहीत, हेही आधी सांग, नाहीतर ते दर वेळी नको नको म्हणत हात आडवा घालतील. आणि टिप किती ठेवलीस ते त्यांना दाखवू नकोस. शंभराला वीसचा हिशोब ऐकून त्यांची कॉफी उतरेल.

मात्र आईंना हे आवर्जून सांग: तिथे बटाटा आणि बेकन एकाच तव्यावर होतं. त्यांना ते चालणार नसेल तर हॅशब्राउन्स त्यांच्यासाठी बाद. ग्रिट्स वेगळ्या भांड्यात असतात, त्या घ्या.

मोटेलची फुकट न्याहारी बहुतेक नऊ-दहाला आवरतात, तेव्हा आठला खाली उतरा. तिथे वॉफलचं यंत्र असतं: पेलाभर पीठ ओतायचं, झाकायचं, दांडा धरून उलटं फिरवायचं, टूं टूं वाजलं की काढायचं. बाबांच्या ताब्यात दे. सीरियलमध्ये रंगीत मार्शमेलो असलेले प्रकार आईंना नकोत, त्यात जनावरांच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन असतं. काही दह्यांतही असतं, लेबल वाच. या वाटेवर मोटेलच्या काउंटरमागे पटेलकाका निघाले तर नवल नाही, आणि तसं झालं तर आईंना पुढे करून दोन शब्द बोलू दे. चहाचा प्रश्न तिथेच सुटू शकतो.

एकादशीला बाहेर काही शोधूच नकोस. केळी, सफरचंद, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. खोलीत मायक्रोवेव्ह असेल तर रात्री साबुदाणा भिजत घाल, कूट आणि जिरं घरून ने. खिचडी थोडी गोळा होते, पण होते.

राहता राहिला चहा. दक्षिणेत 'टी' मागितलात तर बर्फ घातलेला गोडमिट्ट थंड चहा येतो, मोठ्या ग्लासात, स्ट्रॉसकट. 'हॉट टी' म्हणायचं. तरी मिळणार काय, तर कोमट पाण्याचा कप आणि शेजारी बशीत दोरीची पुडी. त्यापेक्षा छोटी इलेक्ट्रिक किटली, घरची चहा पावडर, गाळणी आणि आल्याचा तुकडा बॅगेत टाक. सकाळी खोलीत दोघांना एकेक कप पाज, आणि मग खाली उतरा.

– ताई